‘आता घरी न्या’

साशंक : सिस्टर, ‘घरच्या घरी उपशामक सेवा’ हे शब्द कानावर पडले की मला हॉस्पिटलचा पॅसेज आठवतो. तिथं एक वाक्य ऐकू येतं, ‘आतां घरा व्हरात.’ गोव्यात मांद्र्याच्या कुठल्याही वाड्यावर जा, ज्या घरात कॅन्सर येऊन गेला त्या घरानं हे वाक्य ऐकलेलं असतं. बोलणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या दाराशी आणखी पन्नास माणसं ताटकळत असतात. पण त्या वाक्याला पुढचं वाक्य नसतं. घरी नेऊन करायचं काय? दुखायला लागलं तर काय द्यायचं? घास गिळेनासा झाला तर? रात्री दम लागला तर फोन कुणाला करायचा? हातात एक कार्ड, त्यावर चार गोळ्या आणि ‘पंधरा दिवसांनी दाखवा’. सासूबाईंना आम्ही तसंच घेऊन आलो. पुढचे पाच महिने आमच्या घरात जे झालं, त्यालाच आता कुणी चांगलं नाव देऊन योजना करत असेल तर मला भीती वाटते. खाट रिकामी करायला सरकारला सोयीचं, बिल वाचतं म्हणून घरच्या पुरुषांना सोयीचं. मरणाऱ्याची सोय यात कुठं आहे?

आग्रही : बाई, तुम्ही ज्या वाक्याबद्दल बोलताय, त्याच्या पुढचं वाक्य म्हणजेच हॉस्पिस, मरणाऱ्यांची सेवा. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग हॉस्पिटलातल्या समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्यांचं दुखणं कुणी मनावर घेत नाही हे बघून तिशी उलटल्यावर डॉक्टरकी शिकल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं आणि दोनच वर्षांत तिथल्या नर्स लोकांच्या घरी जायला लागल्या. कारण बरीच माणसं शेवटी स्वतःच्याच खाटेवर पडायला मागतात. ‘आता करण्यासारखं काही नाही’ हे साँडर्सना मान्यच नव्हतं. रोग बरा करण्यासारखं काही नसेल, पण दुखणं, मळमळ, दम, खाज, बद्धकोष्ठ, झोप, भीती, मुलाशी तुटलेलं बोलणं, या प्रत्येकावर करण्यासारखं काहीतरी असतंच. त्यासाठी शिकलेलं माणूस घरापर्यंत यावं लागतं. तुमच्या घरी ते आलं नाही. जे झालं त्याला घरची सेवा म्हणू नका, तुम्हाला एकटं टाकलं होतं. त्या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात एवढंच.

साशंक : बाहेरून नव्हे, आतूनही सारख्याच असतील असा मला संशय आहे. सासूबाईंना छातीचा कॅन्सर होता. गाठ फुटली होती. वास असा, की पडवीत पाय ठेवणारी माणसं तिथूनच माघारी फिरायची. मी ऊद जाळायचे, खिडकीत तुळस ठेवली होती, दिवसातून तीनदा फडके बदलायचे. त्यांना स्वतःलाही तो वास येत होता. नातवाला जवळ येऊ द्यायच्या नाहीत. नर्स येऊन यात काय करणार होती? फडके बदलायला मी होतेच.

आग्रही : मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर टाकायला सांगितली असती.

साशंक : जुलाब झाले की देतात ती?

आग्रही : तीच. कुठल्याही फार्मसीत मिळते, स्वस्त आहे. तो वास मांसात वाढणाऱ्या जंतूंचा असतो, ते या गोळीनं मरतात. थोड्याच दिवसांत वास पुष्कळ कमी होतो. उपशामक सेवेत काम करणाऱ्या प्रत्येक नर्सला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. जखमेला फडके चिकटून निघताना रक्त येत असेल तर आधी सलाईनच्या पाण्यानं भिजवायचं, ओढायचं नाही. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी द्यायची.

साशंक : पाच महिने, सिस्टर. पाच महिने त्या पोराला हाक मारायच्या आणि तो दारात आला की तोंड फिरवायच्या.

आग्रही : तुम्हाला बोल लागावा म्हणून मी हे सांगितलं नाही. हे तुम्हाला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. पण ‘नर्स येऊन काय करणार’ असं तुम्ही विचारलंत, त्याचं हे उत्तर आहे. माणूस आपल्या घरात असून नातवापासून दूर मरतो आणि त्याचं कारण एक गोळी असते, हे मला सहन होत नाही.

साशंक : बरं, ही गोळी मी मान्य केली. पण दुखण्याचं काय? त्यांना मॉर्फिन हवं होतं असं नंतर कुणी तरी सांगितलं. मला सांगा, आपल्या किनाऱ्यावर, जिथं मोरजी-हरमलची नावं पेपरात येतात ती ड्रग्जच्या छाप्यांसाठी, तिथं एका शिक्षिकेनं घरात मॉर्फिन ठेवायचं? ज्या पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देतो त्यांच्या भिंतीपलीकडे? आमचे हे तर म्हणाले, पोलीस आले तर नोकरी जाईल.

आग्रही : ही भीती तुमच्या यजमानांची एकट्यांची नाही, सगळ्या देशाची होती. आपला देश कायदेशीरपणे अफू पिकवतो, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. पण 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि औषधी मॉर्फिनचा वापर कोसळला. परवाने इतके की दुकानदार आणि हॉस्पिटलं दोघंही नको म्हणाली. आपल्याच शेतातलं औषध आपल्याच माणसांना मिळेना. 2014 मध्ये कायदा बदलला. मान्यताप्राप्त संस्थेला आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून परवानगी मिळाली की ती मॉर्फिन ठेवू शकते, आणि रुग्णाच्या नावे लिहून दिलेली गोळी घरात ठेवणं हा गुन्हा नाही. कायदा बदलला, भीती राहिली. डॉक्टरांचीही राहिली, कारण पुष्कळांना शिकताना हे औषध कुणी हाताळू दिलेलंच नसतं. ही गोळी दुखण्याची वाट न बघता चार-चार तासांनी घड्याळ लावून द्यायची, सोबत पोट साफ राहायचं औषध द्यायचंच. कॅन्सरच्या दुखण्यात अशी दिली तर व्यसन लागणं दुर्मीळ. मोजून दिली तर श्वास थांबत नाही. उलट दम लागलेल्याला थोडंसं मॉर्फिन आणि चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा, यानं जो आराम मिळतो तो मी डोळ्यांनी बघितलाय.

साशंक : आणि खाणं? शेवटच्या दहा-बारा दिवसांत त्या पेजेचा चमचासुद्धा घेईनात. नणंद आली, सगळ्यांसमोर म्हणाली, ‘साधं सलाईन लावायला जमलं नाही तुम्हाला?’ आजही भावकीत माझं नाव ‘सासूला उपाशी मारणारी’ असंच आहे. कुणी तोंडावर बोलत नाही, पण मला कळतं.

आग्रही : शरीर मिटायला लागलं की भूक आधी जाते. त्या उपाशी राहिल्या म्हणून गेल्या नाहीत. जात होत्या म्हणून खात नव्हत्या. अशा वेळी बाटलीमागून बाटली चढवली की पाणी पायात उतरतं, फुप्फुसात साचतं, घशातली घरघर वाढते. ओठ ओले ठेवायचे, तोंड कापसानं पुसत राहायचं, बर्फाचा चुरा द्यायचा. तोंड कोरडं पडलं की तहान जाणवते, ती यानं भागते. पण बाई, हे तुम्ही नणंदेला सांगून चाललं नसतं. ते गणवेशातल्या माणसानं, घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगावं लागतं. घरी जाणारी नर्स निम्मं काम रुग्णाचं करते आणि निम्मं असं, सुनेच्या डोक्यावरचं खापर काढून घेण्याचं.

साशंक : आता माझा खरा मुद्दा ऐका. तुमची नर्स येते कितीदा? आठवड्यातून एकदा? तासभर? आठवड्यात तास असतात एकशे अडुसष्ट. उरलेले एकशे सदुसष्ट कुणाचे? अमेरिकेत 1982 च्या कायद्यानं सरकारी विम्यात हॉस्पिस आलं, तिथंसुद्धा नर्स येऊन जाते आणि बाकीचं घरचे करतात. घरचे म्हणजे कोण हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या पेडणे तालुक्यात तर पुरुष बोटीवर, नाही तर गल्फात, नाही तर सीझनच्या धावपळीत. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा. रात्री बारा, दोन, चार, सहा, आणि आठला शाळा. माझी हक्काची रजा संपली, मग बिनपगारी घेतली. ती कुठल्या योजनेच्या हिशेबात धरली जाणार? हॉस्पिटलमध्ये जे काम तीन पाळ्यांत वाटून पगारी माणसं करतात, ते घरात एक बाई फुकट करते, आणि त्याला आपण माया म्हणतो. मायेनं केलं मी. पण त्या गेल्या तेव्हा मला आधी रडू आलं नाही, झोप आली. हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगतेय.

आग्रही : याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि आहे असं म्हणणार नाही. 2013 मध्ये घरच्या उपशामक सेवेवरच्या तेवीस अभ्यासांचा मोठा आढावा निघाला होता. घरी मरण येण्याची शक्यता या सेवेनं दुपटीहून वाढते, त्रासाची लक्षणं थोडी हलकी होतात, एवढं त्यात पक्कं दिसलं. शुश्रूषा करणाऱ्या घरच्यांचा भार हलका होतो का, यावर मात्र काही ठाम म्हणता आलं नाही. तुमच्या बाजूनं एवढा पुरावा मी स्वतःहून देते.

साशंक : मग आग्रह कशाचा धरता?

आग्रही : केरळात मी दोन महिने शिकायला होते, तिथं बघितलं त्याचा. कालिकतला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी 1993 मध्ये दुखणं आणि उपशामक सेवेची संस्था काढली. पहिली काही वर्षं तुमचाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा जाणार, मधल्या दिवसांचं काय? मग त्यांनी गावकऱ्यांना शिकवायला सुरुवात केली. रिक्षावाले, निवृत्त मास्तर, कॉलेजची मुलं. आठवड्यातले दोन तास द्यायचे. कुणी ड्रेसिंगचं सामान पोचवतो, कुणी नुसता बसतो म्हणजे घरातल्या बाईला अंघोळ करून झोपता येतं, कुणी मुलांच्या शाळेचं बघतो. 2008 मध्ये केरळ सरकारनं उपशामक सेवेचं धोरण आणलं आणि ग्रामपंचायतींवर ही जबाबदारी आली, नर्स पंचायतीच्या पैशातून. पंचायत जशी रस्त्यावरचे दिवे बघते, तशी खाटेवरची माणसं बघते. मांद्र्याला पंचायत नाही का?

साशंक : पंचायत आहे. शेजार उरलाय का ते विचारा. आश्वे-जुनसवाड्याकडची किती घरं आज गेस्ट हाऊस झालीत! ऑक्टोबर ते मे भिंतीअलीकडे म्हातारी कण्हते आणि पलीकडे पाहुणे. कण्हण्याचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून आम्हीच दार लावून घेतो. कमावण्याची खोली आणि मरण्याची खोली एकाच छपराखाली, हा प्रश्न केरळच्या पुस्तकात नसेल.

आग्रही : नसेल. पण शेजार मेला हे मी मानत नाही. तुमच्या सासूबाई पहाटे गेल्या ना? तिरडी किती वेळात बांधली गेली?

साशंक : तासाभरात. बांबू कुणी आणले तेसुद्धा मला कळलं नाही. लाकडं, मडकं, भटजींना निरोप, आमच्या पोराला कुणी तरी चहा-पाव खायला घातला. पन्नास-साठ माणसं होती.

आग्रही : कुणाला बोलवावं लागलं?

साशंक : नाही.

आग्रही : म्हणजे शेजार आहे. तो शेवटचा श्वास गेल्यावर येतो एवढंच, कारण तेव्हा काय करायचं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. बांबू कुठं मिळतो, दोरी कशी आवळायची, खांदा कुणी द्यायचा, पिढ्यान्‌पिढ्या हाताला वळण आहे. त्याच्या आधीच्या पाच महिन्यांत काय करायचं याचं वळण नाही, म्हणून तीच माणसं पडवीतून परत जातात. काय बोलावं सुचत नाही, वास सहन होत नाही, आपण गेलो तर सूनबाईला चहा करावा लागेल असं वाटतं. या माणसांना पाच महिने अलीकडे आणायचं, हा माझा सगळा आग्रह आहे.

साशंक : बोलणं चांगलं आहे. पण त्यांनी आत येऊन बोलायचं काय? घरात आम्ही सगळे खोटं बोलत होतो. त्यांना कॅन्सर आहे हे शेवटपर्यंत कुणी उच्चारलं नाही. ‘गाठ आहे, सुकेल’ असंच चाललं होतं. त्याही मान डोलवायच्या. मी बाहेर गेल्यावर माझ्या आईला म्हणे सांगितलं होतं, माझ्या पाटल्या नातीला द्या.

आग्रही : म्हणजे त्यांना ठाऊक होतं, आणि बोलायला घरात कुणी नव्हतं. बहुतेक घरांत हेच असतं. मी कधी ‘तुम्हाला कॅन्सर आहे’ असं जाऊन सांगत नाही. ‘तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?’ एवढं विचारते आणि गप्प बसते. कुणी लगेच बोलतं, कुणी तिसऱ्या खेपेला. कुणाला शेवटपर्यंत बोलायचंच नसतं, तोही त्याचा हक्क. आणि आणखी एक गैरसमज काढून टाका. ही सेवा घेतली म्हणजे हात टेकले असं नाही. 2010 मध्ये बोस्टनला फुप्फुसाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या दीडशे रुग्णांवर अभ्यास झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून उपशामक सेवा ज्यांना मिळाली, ते शेवटी कमी केमो घेऊनही जवळजवळ पावणेतीन महिने जास्त जगले. सगळ्या रोगांत असंच होईल असं मी म्हणणार नाही, पण ही सेवा म्हणजे लवकर मरण, ही समजूत तरी त्यानं दूर व्हावी.

साशंक : मी एक वेगळी बाजू मांडू? मला घरच्या मरणाचाच मोह नको वाटतो. लोटलीला शांती अवेदना आहे. मुंबईला डॉ. डिसोझांनी 1986 मध्ये देशातलं पहिलं हॉस्पिस उघडलं, त्याचीच ती शाखा. सिस्टर्स बघतात, पैसे घेत नाहीत. पुण्याला वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे 1997 पासून, तिथं घरच्या माणसालाही रुग्णासोबत राहता येतं. तिथं रात्रीची पाळी असते, सिस्टर! जागं राहायला पगारी माणूस असतं. मी मग सून न राहता नुसती शेजारी बसणारी माणूस झाले असते. हात धरला असता. पाच महिन्यांत हात धरून बसायला मला वेळच झाला नाही.

आग्रही : तुमचं हे म्हणणं मी खोडणार नाही. अशा जागा हव्यातच. पण मांद्र्याहून लोटलीला जाताना शापोरा, मांडवी, जुवारी, तीन नद्या ओलांडाव्या लागतात. रोज जाऊन यायचं म्हटलं तर तुमची शाळा गेली, घर गेलं. आणि तिथं खाटा मोजक्या, त्याही वाढलेल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी. मूत्रपिंड निकामी झालेला, पक्षाघातानं पडलेला, स्मृतिभ्रंश झालेला म्हातारा कुठं जाणार? 2011 च्या जनगणनेतच गोव्यात साठीपुढची माणसं अकरा टक्क्यांवर होती, केरळच्या खालोखाल. खाटा बांधून ही माणसं पुरी पडायची नाहीत. केंद्राचा उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 पासून कागदावर आहे, आरोग्य केंद्रांच्या कामांच्या यादीतही ही सेवा आहे. माझं म्हणणं, दोन्ही हवं. नर्स घरी यावी, आणि सुनेचं अंग मोडून आलं की चार-आठ दिवस रुग्णाला ठेवायला जवळ, पेडण्यात किंवा म्हापशाला, खाट असावी. तिला झोपायला मिळावं एवढ्यासाठी.

साशंक : ही चार-आठ दिवसांची खाट तुम्ही सुरुवातीलाच का सांगितली नाहीत? ती असेल तर मी अर्धी तुमच्या बाजूची आहे. नसेल तर अजिबात नाही. आणि उरलेली अर्धी माझ्यापाशीच राहू द्या, कारण रात्रीचे दोन वाजता कोण उठणार याचं नाव योजनेच्या कागदावर जोवर लिहिलं जात नाही, तोवर ते नाव माझंच असतं. किंवा माझ्या मुलीचं.

आग्रही : तुमच्या मुलीचं व्हावं असं तुम्हाला वाटतं?

साशंक : नाही. आणि ती नाही म्हणाली तर तिला कुणी नावं ठेवू नयेत असंही वाटतं. मला घरी न्या, नाकात नळी घालू नका, व्हेंटिलेटरवर टाकू नका, दुखलं तर मॉर्फिन द्या, छापे पडले तरी द्या. पण घरी नेण्याआधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर तीन नद्या ओलांडून पोचवा, मी रागावणार नाही. हे मी कुठं तरी लिहून ठेवणार आहे.

आग्रही : लिहिता येतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये तो हक्क मान्य केला, 2023 मध्ये पद्धत सोपी केली. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागायचं, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी 2024 च्या मे महिन्यात स्वतःचं असं इच्छापत्र सगळ्यांत आधी नोंदवलं. त्यात मुख्यतः कुठले उपचार नकोत ते लिहायचं आणि तुम्हाला बोलता येईनासं झालं तर तुमच्या वतीनं कोण बोलेल त्याचं नाव द्यायचं. घराची गोष्टही त्याच कागदावर लिहा, म्हणजे मुलीच्या हातात दाखवायला काही तरी राहील.

साशंक : चालेल. काय काय लागतं?

आग्रही : दोन साक्षीदार. घरचे नसलेले बरे. एक मी येईन. दुसरा शेजारातला शोधा.